पंधरा ठिपके

तांबडवाडीत इंटरनेट पायी येतं.

पूर्वी दोन ठिकाणांमध्ये एकच वाट असायची. ती तुटली की निरोप अडकून पडायचा. म्हणून लांबच्या शहाण्या माणसांनी निरोपाचे तुकडे करून एकेक तुकडा वेगळ्या वाटेनं धाडायची युक्ती काढली. अगदी पहिला निरोप म्हणे दोन अक्षरं चालला आणि मटकन बसला. पण माणसं चिकाटीची. गावाला गाव जोडत गेली, आणि होता होता तांबडवाडीचीही पाळी आली.

तुकडे गुडघ्याएवढे असतात, धुळीनं माखलेले. प्रत्येकाच्या कपाळावर पंधरा ठिपके. उंबरा चढला की एक ठिपका पुसला जातो, उतरताना जात नाही. ठिपके संपले की तुकडा पुढचा उंबरा चढत नाही, आणि दिवस मावळला की विरून जातो. तसं नसतं तर वाट चुकलेले तुकडे जन्मभर गावात फिरत राहिले असते, असं जोडणी कचेरीचे गुरवसाहेब सांगत. ते कुणालाही पटण्यासारखंच होतं.

तीन वाटा मिळतात त्या तिकटीवरच्या पारावर फुलाक्का बसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चारशे बारा घरांचे आकडे तोंडपाठ. माणसांना नावं लागतात, तुकड्यांना आकडे. तुकडा यायचा आणि "भिकातात्या?" एवढंच म्हणायचा.

"एकशे बहात्तर. गोठ्यावरनं डावीकडं," फुलाक्का सांगायची. पाराला उंबरा नाही, म्हणून तिथं ठिपका जात नसे.

एका सोमवारी एक तुकडा आला आणि म्हणाला, "फुलाक्का?"

"अगं बाई! सात. चल, मीच येते."

ज्या घरचा असतो त्याच घरात तुकडा निरोप सांगतो. उंबरा चढून आत आला तसा तो म्हणाला, "तीन. माझ्याच ट्रंकेच्या तळाशी होती." दुपारपर्यंत आणखी तिघे आले. त्यांना ओळीनं उभं केल्यावर निरोप असा झाला: "आक्का, मी यमू. आईची नथ सापडली. माझ्याच ट्रंकेच्या तळाशी होती. तुला नाही नाही ते बोलले."

निरोप पाच तुकड्यांचा होता. पाचवा आला नाही.

त्या नथीपायी दोघी बहिणी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. फुलाक्कानं पाचवा पुन्हा मागवला. मंगळवारीही आला नाही. परत मागवला. बुधवारी दुपार कलल्यावर गुरवसाहेब पारावर आले.

"आक्का, पहिला धरून हा तिसरा. याच्यापुढं मागवता येत नाही, नियम आहे."

"मग आहे कुठं तो?"

"तुमच्या शेजारी, वत्सलाबाईंच्या घरात. ठिपके संपलेत."

फुलाक्का लगालगा गेली, मागोमाग गुरवसाहेब. तुकडा पाटावर बसला होता, पुढ्यात पोह्यांची बशी, कपाळ कोरं.

"वत्सले, काय केलंस हे?"

"काय केलं म्हणजे? दारावरनं चाललेल्याला चहाला बोलवायचं नाही होय? कुंभारांकडं पिऊन आला, गुरुजींकडं पिऊन आला, पार वरच्या आळीपासनं पीत आलाय. मीच तेवढी वाईट!"

आधीचे दोघेही असेच पाहुणचारात गेले होते. तांबडवाडीत दारावरून कुणाला तसंच जाऊ देत नाहीत.

फुलाक्कानं उन्हाकडं पाहिलं. "साहेब, सपाटीला चालेल का हा?"

"चालेल की. उंबरा तेवढा चढणार नाही."

"आणि उंबराच नसला तर?"

गुरवसाहेबांनी नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. "तसं काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मनाई नाही."

दगडू सुतार पहार घेऊन आला आणि फुलाक्काच्या दारात घुटमळला. "आक्का, सासूबाईंच्या वेळचा उंबरा हा. रोज हळदकुंकू वाहता तुम्ही."

"उद्यापासनं चौकटीला वाहीन. घाल पहार."

उंबरा जुन्या सागाचा, हटवादी. निघाला तेव्हा ऊन पिवळं पडून भिंतीवर चढलं होतं. दगडूनं खाच मातीनं भरली, फुलाक्कानं पायानं चोपली. तुकडा दारापाशी थांबला, खाली पाहिलं, आणि सरळ आत आला.

"पाच," तो म्हणाला. "मी येऊ का?"

फुलाक्कानं त्या ओल्या मातीवर पुन्हा एकदा पाय दाबला.

"उत्तर लिहायचं का?" गुरवसाहेबांनी विचारलं.

"लिहा. 'ये.'"

"एवढंच? आक्का, याचे तुकडे नाही व्हायचे. एकटाच जाईल."

"जाऊ दे."

दारात छोटासा तुकडा उभा राहिला. फुलाक्कानं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि कपाळावरचे ठिपके बोटानं मोजले. पंधराच्या पंधरा होते.

"वाटेत कुणी चहा म्हटलं तर बसायचं नाही," तिनं बजावलं.

"अगं, निदान गूळपाणी तरी..." कुंपणापलीकडून वत्सला म्हणाली.

"वत्सले!"

गुरवसाहेबांनी घर क्रमांक सातपुढं 'उंबरा नाही' अशी नोंद केली. तुकडा मान खाली घालून, एकाही दाराकडं न बघता, तिकटीच्या दिशेनं चालू लागला.