जिनिंगमधली चौकशी

धर्मराजचा कुणावरच भरवसा नव्हता. एसटी अंबडलाच जाते ना, हे तो आधी ड्रायव्हरला विचारी, मग कंडक्टरला. आणि दोघांचं उत्तर जुळलं की हे एकमेकांना मिळालेले आहेत, असं त्याला वाटे. अशा माणसाच्या लेकीला, सत्यशीलेला, स्थळ आलं होतं. मुलगा संपत, अंबडला नोकरीला.

"एवढं चांगलं स्थळ पुन्हा येनार न्हाई. होकार कळवून टाका," बायको उषाबाई म्हणाली.

"एवढं चांगलं हाये म्हनूनच पाह्यला पाह्यजे," धर्मराज म्हणाला, आणि फोटो खिशात घालून मंठ्याहून एकटाच चौकशीला निघाला. चौकशी न कळवताच करायची असते. सांगून गेलं की जगातली सगळीच पोरं गुणी निघतात.

संपतच्या घरमालकिणीनं सांगितलं, तो कापूस पिंजायच्या बंद पडलेल्या कारखान्यात, जिनिंगमध्ये आहे. तिथं संपतनं आणि त्याच्या मित्रांनी एक नवंच नाटक मांडलं होतं. प्रेक्षक एका वेळी एकच. त्यानं खोल्याखोल्यांतून फिरायचं आणि तो ठरवील तसं नाटक पुढं जायचं. हेही मालकिणीनं सांगितलं असतं. पण आपल्यावर संशय नको म्हणून धर्मराजनं पुढं काही विचारलंच नाही.

फाटकावर एक जण उभा होता. "एकटेच का, काका? बराबर हाये. एकट्यालाच सोडतो आत. समदं तुमीच ठरवायचं."

"एकट्यालाच का? काय लपवून राह्यले?" धर्मराज म्हणाला, पण आत गेला.

समोर दोन दारं होती. एकातून चहाचा वास येत होता, दुसऱ्यातून भांडी आपटल्याचा आवाज. चहा पाजून माणसाला गुंतवतात, हे तो जाणून होता. तो दुसऱ्या दारानं शिरला. फोटोतलाच संपत बाजेवर झिंगून पडला होता आणि कोपऱ्यात एक बाई डोळ्याला पदर लावून बसली होती.

धर्मराजनं खिशातला फोटो काढून पुन्हा ताडून पाहिला; पोरगा तोच होता. तरी त्यानं चौकशी सोडली नाही.

"जमीन किती?"

"इकून टाकली."

"दारू?"

"रोज."

"ही कोन?"

"बायकू."

एवढी सरळ उत्तरं ऐकून त्याला वेगळाच संशय यायला लागला होता. तेवढ्यात ती बाई पुढं आली. "काका, तुमीच सांगा. ह्याच्यापाशीच नांदू का काय करू?"

आता धर्मराजला तिच्या जागी सत्यशीलाच दिसायला लागली. संशय घ्यायचंही तो विसरला. "काय करू म्हंजे? चल माह्या घरी. मंठ्याची गाडी हाये आत्ता."

बाईनं बाजेकडं पाहिलं. संपतनं एक डोळा उघडला आणि मान हलवली. प्रेक्षक म्हणेल तसं, हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला. ती मुकाट्यानं धर्मराजच्या मागं स्टँडवर गेली. त्यानं तिला बाकावर बसवलं आणि कंडक्टरकडं वळला, तोच संपत धावत आला.

"काका, थांबा. ही माही सख्खी बहीण हाये, बेबीनंदा."

"बायकूची बहीण झाली? एवढ्या जल्दी?"

"नाटक व्हतं ते."

"नाटकाला पब्लिक लागतं. मी एकटा व्हतो. सत्यशीलेचा बाप हाये मी, मला शिकवू नको."

संपतचा चेहरा उतरला. जमत आलेली सोयरीक त्यानं स्वतःच्याच तोंडानं मोडली होती.

"नाटक व्हतं तर हिला स्टँडवर कशाला येऊ दिलं?" धर्मराजनं विचारलं.

उत्तर बेबीनंदानं दिलं. "आमी तरी काय करावं? आल्ते तेवढ्या समद्यांनी सांगितलं, सहन कर, नांदून घे. त्याच्या पुढचं बसवलेलं हाये. माह्या घरी चल, असं कुनीच म्हनलं न्हाई. म्हनून ते बसवलंच न्हाई."

धर्मराज संपतकडं वळला. मग त्यानं पुन्हा सुरुवातीपासून विचारलं.

"जमीन?"

"हाये. कोरडवाहू."

"दारू?"

"बिलकुल न्हाई."

"मंग खोटं कोनतं, मघाचं का आत्ताचं?"

"ते तुमीच ठरवायचं," बेबीनंदा म्हणाली.

गाडी लागली. धर्मराज पायरीवर चढला आणि परत खाली उतरला.

"मी न्हाई ठरवत. उद्या पोरीला घेऊन येतो. तिला एकटीलाच सोडा आत, ठरवू द्या तिचं तिला." मग संपतकडं निरखून पाहत तो म्हणाला, "आन् ते घरी चल म्हनल्याच्या पुढचं आज रातच्याला बसवून ठिवा. माही पोर तेच म्हनंल."