वाकळेची रीतसर नोंद

हातकणंगले तालुक्यातल्या 'भरारी कास्टिंग्ज' या ओतकाम कारखान्यात रोज शंभर कोअर तयार होत आणि साच्यापर्यंत अठ्ठ्याऐंशी पोचत, ही बाब गंभीर होती. कोअर म्हणजे वाळूचा, बिस्किटासारखा ठिसूळ गाभा. तो साच्यात बसवला की ओतलेल्या पंपाच्या पोटात पोकळी राहते. उरलेले बारा गाभे ढकलगाडीवरून नेताना वाटेतच फुटत. जर्मन गिऱ्हाइकाने कळवले होते की तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. ऑर्डर गेली तर कोअर विभागातल्या बावीस बायका घरी बसणार होत्या.

मालक विश्वजित यांनी प्रश्नाच्या मुळाशी जायचे ठरवले आणि ते परदेशी गेले. चौदा दिवसांत तीन देश पाहून त्यांनी निष्कर्ष काढला : जर्मन माणूस आधी मोजतो, जपानी माणूस कामगाराला विचारतो आणि अमेरिकन माणूस अपयशाचे कौतुक करतो.

"आपण तिन्ही करायचं," ते विमानतळावरच म्हणाले. "आपल्याला कुठं एका देशाचं बंधन हाय?"

आठवड्यात नवोपक्रम विभाग स्थापन झाला. पुण्यात व्यवस्थापन शिकलेले त्यांचे भाचे यशराज विभागप्रमुख झाले. विभागाला काचेची केबिन मिळाली.

मधल्या काळात मात्र एक अनियमितता घडली होती. कोअर विभागातल्या शांतव्वांनी घरून एक जुनी वाकळ आणून ढकलगाडीवर अंथरली होती. तेव्हापासून शंभरात एखादाच कोअर फुटे. हे सारे विनापरवानगी चालले होते. सुपरवायझर पिराजींनी भाबडेपणाने ते यशराजना सांगितले.

यशराज वही घेऊन आले. जपानी पद्धतीत लागोपाठ पाच वेळा 'का' विचारले की मूळ कारण सापडते.

"मावशी, वाकळ का घातली?"

"हादरं बसत्यात की."

"हादरे का बसतात?"

"वाटंत खड्डा हाय."

"खड्डा का आहे?"

"बुजवला न्हाय म्हणून."

"का बुजवला नाही?"

"ते मालकास्नी इचारा. चार अर्ज दिल्यात आमी. अडीच वरीस झालं."

यशराजनी वही मिटली. भारतीय परिस्थितीत तीन 'का' पुरेसे आहेत, असे परिपत्रक त्याच दुपारी निघाले.

आता वाकळेची नोंद व्हायची होती. जर्मन शिस्तीप्रमाणे त्यासाठी आधीचे आणि नंतरचे आकडे हवेत. आधीचे आकडे पिराजींच्या डायरीत होते, पण पेन्सिलने. ते ग्राह्य धरता येईनात. म्हणून वाकळ काढून आठ आठवडे पूर्वस्थिती पुनर्स्थापित करण्याचा आदेश झाला.

"म्हंजे मुद्दाम फोडायचं व्हय?" शांतव्वांनी विचारले.

"फोडायचं नाही, मावशी. फुटू द्यायचं."

वाकळ 'नमुना क्रमांक एक' अशी चिठ्ठी लावून काचेच्या कपाटात गेली. शांतव्वांना काही हे बघवेना. त्या कोअर छातीशी धरून, खड्डा चुकवत, एकेक करून पोचवू लागल्या. त्यामुळे आकडे बिघडतात म्हणून त्यांना लेखी समज देण्यात आली.

खड्डाही दिवसेंदिवस रुंदावत होता. बाराचे अठरा झाले. इथे अमेरिका कामी आली. दर शुक्रवारी 'अपयशोत्सव' सुरू झाला. ज्या पाळीत सर्वांत जास्त फुटतील, तिला केक.

"अव्वा," तोंडातला घास गिळत कोअर विभागातलीच शबनूर म्हणाली, "फुटल्यावर केक मिळतोय. न्हाय फुटल्यावर काय मिळतंय?"

"लेखी समज," शांतव्वा म्हणाल्या. त्यांनी आपला केक पिराजींना देऊन टाकला.

आठव्या आठवड्यात एकशे चाळीस पानांचा अहवाल आला. वाकळ उपयुक्त असल्याचे त्यात निर्विवाद सिद्ध झाले होते आणि तिच्याइतकी मऊ गादी जर्मनीहून मागवावी अशी शिफारस होती. त्याच सकाळी जर्मनीहून पत्र आले. ऑर्डर समोरच्या श्रीशैल यांच्या कारखान्याला गेली होती.

कोअर विभाग बंद झाला. निघताना शांतव्वांनी वाकळ मागितली.

"ती आता कंपनीची बौद्धिक संपदा आहे, मावशी."

"माज्या सासूच्या लुगड्यांची हाय ती!"

"म्हणून तर जपून ठेवलीय."

शांतव्वा कपाटाकडे गेल्या. मग पदराने काचेवरची धूळ पुसून त्या रस्ता ओलांडून गेल्या. मागोमाग एकवीस जणी गेल्या. श्रीशैलना ऑर्डरपुरती माणसे हवीच होती.

"अव्वा, तुमाला काय लागंल?" त्यांनी विचारले.

"तुमच्याबी वाटंत खड्डा हाय. तेवढा बुजवा."

दुपारी सिमेंटची चार घमेली पडली आणि विषय संपला. माल वेळेवर जाऊ लागला. परिणामी श्रीशैलांकडे लोकांना सांगण्यासारखे काहीच उरले नाही.

विश्वजित यांच्याकडे मात्र भरपूर होते. 'अपयशातून नवोपक्रमाकडे : तीन देश, एक कारखाना' या त्यांच्या व्याख्यानाला कोल्हापुरात इतकी गर्दी झाली की रांग सभागृहाच्या फाटकाबाहेर आली. नातीचा चष्मा आणायला शहरात आलेल्या शांतव्वा ती रांग बघून थांबल्या. शेवटी उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी विचारले, "पावणं, कसली वो ही रांग?"

रांगेत शेवटी, वाचकहो, आपणच उभे होतात. आपण घड्याळात बघत, पण अगदी प्रेमाने म्हणालात, "राहू दे मावशी, तुम्हाला नाही कळायचं."