चष्मेवाल्यांची खास कॉफी

खरं बोलायची वेळ पहिल्याच घोटाला आली होती, आणि नेमकी तीच चष्मेवाल्यांनी घालवली. पुढचं सगळं रामायण त्या एका घोटाचं.

त्याचं असं झालं. चष्म्याच्या दुकानाशेजारचा गाळा बरेच दिवस रिकामा पडला होता. तिथे ताईंनी कॉफीचं दुकान काढलं. ताई टपाल कचेरीत तीस वर्षं खिडकीमागे बसून नुकत्याच निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना ताईच म्हणायची. घरात एकट्या, मागेपुढे कुणी नाही, त्यामुळे हे दुकान म्हणजे त्यांचं सगळं काही. कॉफीच्या बिया त्या स्वतः भाजायच्या, मागच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात, लोखंडी कढईत, पार काळ्याठिक्कर पडेपर्यंत. "कच्चं राहायला नको," एवढंच त्यांचं त्यातलं शास्त्र. पहिल्या दिवशीचा पहिला कप त्यांनी शेजाऱ्यांना, म्हणजे चष्मेवाल्यांना दिला आणि ॲप्रनला हात पुसत समोरच उभ्या राहिल्या.

चष्मेवाल्यांनी घोट घेतला. जळक्या लाकडाचा वास नाकात गेला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आवडली?" ताईंनी श्वास रोखून विचारलं.

"वा!" चष्मेवाले म्हणाले. "वा, वा! उत्तम!"

आता या माणसाचा धंदा बघा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून विचारायचं, "हे बरं दिसतं की मघाचं? खरं सांगा हं, उगाच भिडेखातर हो म्हणू नका." आणि स्वतःला मात्र दारावर झाडू विकणारा आला तरी नको म्हणता यायचं नाही. घरात नऊ झाडू होते. तेव्हा ताईंना ते काय खरं सांगणार! दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला ताईंनी हाक मारली, "भाऊ, या! तुमची तयार आहे!" आणि मग तो रोजचा नेमच झाला.

बाकीच्या गिऱ्हाइकांना अशी भीड नव्हती. एकदा आलेलं माणूस पुन्हा त्या बाजूच्या फुटपाथवरून जाईना. दुकानात अकरा वाजता चष्मेवाले आणि इतर वेळी माश्या, असा प्रकार होता.

"आजही प्यायलात?" नवरा पोट धरून बसलेला पाहून बायकोने विचारलं.

"काय करू? समोर उभ्या राहतात गं."

"मग सांगा की तोंडावर. करपलीय म्हणावं."

"मन मोडेल त्यांचं."

"आणि इथे पोट बिघडतंय ते? भीड ही भिकेची बहीण, सांगून ठेवते. त्यांचंही दुकान बुडेल आणि तुम्हीही बुडाल."

चष्मेवाल्यांना ते पटायचं. रात्री पटायचं, सकाळी अकराला विसरायला व्हायचं.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. उत्तरेकडचं ते लहानसं शहर वर्षातले सहा महिने कुडकुडतच असतं. एका आजीबाईंना बर्फातून यायला जमेना, म्हणून चष्मेवाले त्यांचा चष्मा घेऊन पुलापलीकडे गेले. परतताना बोटं गारठली. समोर एक दार दिसलं, काचा वाफेने धुरकटलेल्या, आत चार टेबलं आणि एक दाढीवाला. चष्मेवाले ऊब मिळावी म्हणून आत शिरले आणि बसलोच आहोत तर काहीतरी घ्यावं म्हणून कॉफी मागवली. कॉफीला फुलांसारखा वास येतो आणि ती प्यायल्यावर घाईघाईने पाणी प्यावं लागत नाही, हे ज्ञान त्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी झालं. त्यांनी लगेच दुसरा कप मागवला.

मग काय, माणूस सुटलाच! धोबीखान्याच्या मागे दोघी बहिणींचं दुकान निघालं. सायकलदुरुस्तीवाल्याच्या माडीवर एक निघालं. स्टेशनजवळच्या बोळात तर एक माजी गणितमास्तर वजनकाट्यावर बिया मोजून एका वेळी एकच कप करत बसलेला सापडला. कुठल्या मोठ्या कंपनीने या गारठलेल्या गावाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपल्या हिकमतीवर दुकान थाटलं होतं. इतकी वर्षं याच गावात राहून आपल्याला यातलं काहीच कसं दिसलं नाही, याचं चष्मेवाल्यांना फार नवल वाटलं.

पण रोज दुकान सोडून जायला निमित्त हवं. त्यांनी दारावर पाटी लावली, 'चष्मे घरपोच मिळतील'. वीस वर्षांत न केलेली सेवा सुरू झाली. पुलापलीकडच्या लोकांचे चष्मे दोन दिवसांत तयार व्हायचे, अलीकडच्यांचे मात्र पंधरवडाभर रखडायचे.

ताईंनी पाटी वाचली आणि त्यांचा जीव कळवळला. "अहो भाऊ, एवढ्या थंडीत वणवण करता? थांबा." त्यांनी मोठा थर्मास काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला. "वाटेत घेत जा. लाजू नका, उद्या पुन्हा भरून देईन."

झालं! म्हणजे अकराचा कप होताच, वर हा दीड लिटर. थर्मास संध्याकाळी रिकामा परत करायचा आणि चेहरा तृप्त ठेवायचा. चष्मेवाले दाढीवाल्याच्या दुकानामागे जाऊन गुपचूप तो बर्फात ओतायला लागले. तिसऱ्या दिवशी दाढीवाल्याने पकडलं.

"काय ओतताय? उंदरांचं औषध?"

"कॉफी आहे," चष्मेवाले पुटपुटले.

दाढीवाल्याने थर्मास हुंगला आणि दोन पावलं मागे सरकला. "कुणी दिली? तुमचं वाईट चिंततात का ते?"

"छे हो! फार चांगल्या आहेत. काय त्या प्रेमाने देतात!"

नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही. तेवढी निष्ठा त्यांच्यात होती.

पुढच्या महिन्यात एके दिवशी ताई डोळे तपासायला आल्या. डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या, सारखं पाणी गळतंय. चष्मेवाल्यांनी भिंगं बदलून बदलून पाहिली. नंबर जिथल्या तिथे.

"काही त्रास आहे का, ताई?"

"नाही हो," ताई घाईने म्हणाल्या आणि त्यांनी नजर चुकवली. "पहाटे जरा होतं असं."

चष्मेवाल्यांच्या काळजात चर्र झालं. ही बाई पहाटे उठून रडते! दुकान चालत नाही म्हणून रडते! दुसऱ्या दिवशी अकराला गेले तर टेबलांवर सात-आठ उष्टे कप दिसले. दुकानात तर कुणीच नाही. बिचारी! दुकान भरलेलं वाटावं म्हणून स्वतःच कप मांडून ठेवते वाटतं. त्यांना इतकं भरून आलं, की कप संपल्यावर ते म्हणाले, "ताई, अजून एक द्या."

"अजून?" ताई म्हणाल्या. "देते ना. तुमच्यासाठी नाही का!"

त्या दिवसापासून चष्मेवाले दोन कप प्यायला लागले आणि ताईंचे डोळे आणखी लाल दिसायला लागले. ते जसजसे लाल होत गेले तसतसे चष्मेवाले जास्त मिटक्या मारायला लागले.

आणि एका सोमवारी ताईंनी कप ठेवता ठेवता सांगितलं, "भाऊ, वरचे घरमालक म्हणतात, महिनाअखेर गाळा रिकामा करा."

"का?"

"आता काय सांगायचं," ताई म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

त्या रात्री बायको अक्षरशः हात जोडून म्हणाली, "त्यांचं दुकान हातचं चाललंय हो! अजून किती वा वा करणार आहात?"

"मला तोंडावर नाही जमायचं," चष्मेवाले म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "पण एक करतो. त्या दाढीवाल्याचे पाय धरतो. त्यांना भाजायला शिकवा म्हणतो. माझं नाव न सांगता."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पूल ओलांडून गेले. दार हळूच ढकललं आणि तिथेच थिजले. काउंटरशी पाठमोऱ्या ताई उभ्या होत्या.

"तेवढी काळी तुम्ही भाजून द्या," ताई काकुळतीने सांगत होत्या. "तुमच्याकडे धुराडं आहे. माझ्याकडे खिडकीसुद्धा धड उघडत नाही. रोज पहाटे धूर वर जातो आणि घरमालक खोकत खाली येतात. धूर थांबला नाही तर महिनाअखेर बाहेर काढणार आहेत मला."

"पण ताई," दाढीवाला म्हणाला, "गेल्या महिन्यात तुम्ही गिऱ्हाइकं का येत नाहीत म्हणून विचारत आलात. मी तुम्हाला हलकी भाजायला शिकवलं. आता सकाळी बाकीची दुकानं उघडायच्या आधीच तुमचं दुकान भरतंय म्हणता. मग ही काळी कुणासाठी भाजता?"

"एक शेजारी आहेत. त्यांना करपलेलीच लागते. आता तर दोन-दोन कप पितात, वर थर्मास." ताईंचा आवाज कापला. "माझ्या दुकानात कुत्रं फिरकत नव्हतं ना, तेव्हा तो माणूस रोज न चुकता आला. त्याला कोणत्या तोंडाने सांगू, की तुमची कॉफी आता मिळणार नाही म्हणून?"

चष्मेवाल्यांनी मागच्या मागे सटकायला पाय उचलला. पण दाढीवाल्याची नजर दाराकडे गेलीच.

"या, या, चष्मेवाले! नेहमीचीच ना? हलकी, फुलांच्या वासाची?"

ताई वळल्या. त्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. मग त्यांच्या काखेतल्या थर्मासकडे पाहिलं. थर्मास भरलेला होता, हे तो किती जपून धरला होता त्यावरून आंधळ्यालाही कळलं असतं.

"नेहमीची?" ताई म्हणाल्या.

"ताई, मी काय म्हणतो..."

"पहाटे पाचला उठते मी! डोळ्यांचा निखारा झाला माझ्या! तुमच्यापायी!"

"मला वाटलं, तुम्ही रडता," चष्मेवाले रडवेले होऊन म्हणाले. "म्हणून तर दुसरा कप मागितला."

"आणि तुम्ही दुसरा मागितलात म्हणून मी जास्त भाजायला लागले!"

दाढीवाल्याने थर्मासकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, आणि मग हसू दाबायला फडकं घेऊन आत निघून गेला. काउंटरपाशी ही दोघं उरली. चष्मेवाले खाली मान घालून उभे राहिले. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती, आणि त्याच वेळी आपल्यासाठी कुणीतरी पहाटे पाचला उठत होतं, याचं त्यांना सुखही वाटत होतं.

"चला," शेवटी ताई म्हणाल्या.

परत आल्यावर ताई आधी वरच्या मजल्यावर गेल्या. धूर कायमचा बंद झाला, असं त्यांनी घरमालकांना सांगितलं. कित्येक महिने धुरात काढलेल्या त्या माणसाने "मग राहा खुशाल," एवढंच म्हटलं आणि खिडकी उघडली. दुकान वाचलं. मग खाली येऊन ताईंनी नव्या कॉफीचा कप चष्मेवाल्यांपुढे ठेवला आणि ॲप्रनला हात पुसत समोर उभ्या राहिल्या.

"आता खरं सांगायचं."

चष्मेवाल्यांनी घोट घेतला. कॉफी खरोखर सुरेख होती. दाढीवाल्याच्या तोडीची, कदाचित काकणभर सरसच.

"उत्तम!" ते मनापासून म्हणाले.

"तेव्हाही असंच म्हणाला होतात."

"नाही हो, ताई, शपथ! वा! काय वास आहे!"

"वा म्हणू नका!" ताई कडाडल्या. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे हीसुद्धा वाईटच आहे. लोक बहुधा ऊब मिळते म्हणून येत असतील. तुम्हाला विचारून काय उपयोग! तुम्हाला विष दिलं तरी वा म्हणाल."

चष्मेवाले हवालदिल झाले. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा ते मनापासून खरं बोलत होते आणि ऐकणारं माणूस रडकुंडीला आलं होतं. त्यांनी कपात पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि सगळा धीर एकवटून म्हणाले,

"साखर जरा जास्त झालीय."

ताईंचे डोळे विस्फारले. "काय म्हणालात?"

"साखर. जास्त आहे. मला नाही आवडली इतकी गोड."

"हां!" ताईंचा सगळा चेहरा फुलला. "बघा! असं स्पष्ट बोलावं माणसाने! म्हणजे बाकी चांगली आहे ना?"

"बाकी फर्स्ट क्लास."

"आता पटलं मला," म्हणत ताईंनी कप उचलला आणि दुसरा करायला आत पळाल्या. आतून त्यांच्या गुणगुणण्याचा आवाज यायला लागला.

साखर खरं म्हणजे अगदी बेताची होती. पण हे आता कुणाला सांगणार? बिनसाखरेचा नवा कप समोर आला, चष्मेवाल्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "आता कशी जमली!" तेव्हापासून ते बिनसाखरेचीच पितात.