मोशीतली बुटकी दीर्घिका

आमच्या शेजारचे अण्णा कुणाच्याही दारात गेले की आधी चपला मोजतात. "चारच जोड? लई पातळ वस्ती हाय तुमची," असं घरमालकाला तोंडावर सांगतात आणि मगच पाणी मागतात. एका लग्नात हॉलबाहेर मोजत बसले आणि मुहूर्त टळला. लोकांना वाटलं, म्हातारा नवा जोड पसंत करतोय.

हे खूळ एका मासिकातून आलं. मुलानं मागे टाकलेल्या रद्दीत अण्णांना अतिसघन बटू दीर्घिका सापडल्या. आपल्या आकाशगंगेपुढे ठिपक्याएवढ्या, पण आत कोट्यवधी तारे दाटीवाटीनं कोंबलेले. अण्णा त्यांना 'बुटकी' म्हणतात, गोठ्यातल्या म्हशीबद्दल बोलावं तशा मायेनं. "ताई, आपल्या सूर्याचा शेजारी कुठं, तर चार वर्सं उजेड चालंल तितक्या लांब. बुटकीत तसं न्हाई. हात लांबवला की शेजारी!"

माझं भांडण इथेच सुरू झालं. अण्णांच्या माडीवर एका खोलीत चाकणच्या कंपन्यांतले नऊ जण राहायचे. गाद्या तीन, शिफ्ट तीन. एक उठला की दुसरा त्याच गादीवर. मी कामगारांच्या घरांसाठी पत्रकं लिहिते, वाटते, भिंतींवर चिकटवते. तयार गाड्या उभ्या करायला एकरच्या एकर जागा, आणि त्या जोडणाऱ्या माणसाला पाठ टेकायला दीड हात? आणि हे माझ्या भिंतीला लागून! मी लिहिलं, 'नऊ माणसं, एक खोली. लाज कुणाला?' पहिली प्रत अण्णांनाच नेऊन दिली.

त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. "नऊचं खरं हाय. पर दाटीला तू वाईट का म्हणतीस? दाटी हाय म्हणून तर बुटकी चमकती."

"ताऱ्यांना कूस बदलावी लागत नाही, अण्णा! खाली तुमच्या दोन खोल्या कुलूपबंद आहेत. त्या उघडा. नाहीतर रविवारी मी सगळ्यांना दुसरीकडे हलवते."

"समद्यांना?" अण्णांचा चेहरा उतरला.

माडीवरून लातूरचा बालाजी ओरडला, "ताई, आमाला हलवू नका बरं! अण्णा शिफ्टवरून आल्यावर च्या देतेत. फक्त पाय लांब करायचं तेवढं बघा."

बंद खोल्या मुलांच्या होत्या. थोरला कॅनडात, धाकटा बंगळूरला. येतील तेव्हा लागतील म्हणून अण्णा दर दसऱ्याला दोन्ही कुलपांना तेल घालत.

अण्णा आत गेले आणि ते मासिक घेऊन आले. "ह्यो शेवटचा परिच्छेद तुला कधी वाचून दावला न्हाई. बुटकी पयल्यापास्नं बुटकी नसती म्हणे. चांगली मोठी असती. मग तिच्याहून मोठी एक शेजारनं जाती अन् बाहेरबाहेरचे तारे वढून नेती. ऱ्हातो तो नुसता गाभा." त्यांनी पान मिटलं. "गेलेले तारे परत येतेत, असं कुठं लिवलेलं न्हाई. मी पाच बारी वाचलं."

 

कनवटीच्या किल्ल्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. "उघड. पर नऊच्या नऊ हितंच ऱ्हातील."

आता माडीवरची एक आणि खालच्या दोन, तिन्ही खोल्यांत तीन-तीन जण आहेत, प्रत्येकाला स्वतःची गादी. पत्रक मी फाडलेलं नाही, चाकणला ते अजून लागतं. फक्त चपला तीन दारांत विभागल्या गेल्या, आणि अण्णांना ते बघवेना. कामावर सगळे बूट घालून जातात, चपला घरीच राहतात. म्हणून अण्णा रोज सकाळी जिना चढतात, वाकून वाकून सगळे जोड गोळा करतात आणि आपल्या दारात अगदी चिकटवून मांडतात. मधोमध स्वतःचा.

शिफ्टवरून आलेला माणूस आधी आपल्या दारात चपला शोधतो. मग हसतो, आणि अण्णांच्या दाराकडे वळतो. आत चहा उकळत असतो.