फ्रान्समधली एकादशी

दिग्रसच्या वाचनालयात फ्रेंच कादंबरी वाचून दाखवणारा पहिला माणूस मी. ही बढाई नाही. म्हणजे आहे, पण खरी आहे!

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी कोणीतरी काहीतरी लिहून आणून वाचायचं, अशी पद्धत होती. बहुतेक लोक निबंध आणत आणि बाकीचे लोक झोपत. तिथल्या कपाटात मला एक इंग्रजी पुस्तक सापडलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मजकूर शाबूत. जुन्या फ्रेंच कादंबरीचं भाषांतर होतं. त्यात एक सैतान असतो. तो शहरावरून उडतो, एकेका घराचं छप्पर उचलतो आणि आत काय चाललंय ते दाखवतो. सगळी बडी माणसं, बाहेर एक आणि घरात भलतंच. मी ठरवलं, या फ्रेंच कादंबरीला आता दिग्रसचं लुगडं नेसवायचं.

वैशाख लागायच्या आत पहिली दोन प्रकरणं तयार झाली. माझी बायको विजयमाला अमरावतीला इंटरपर्यंत शिकलेली आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही. कथानक मी तसंच ठेवलं, नुसती माणसं बदलली. उमरावाचा कापसाचा व्यापारी केला. त्यांचा तो ख्रिस्ती उपास काढून तिथे एकादशी घातली. मूळचा उमराव उपासाच्या दिवशी लपून कोंबडी खातो. मी सभ्य माणूस, मी कांद्याची भजी दिली.

पहिल्या शनिवारी वाचनालयाचं दालन भरलं होतं. पुढच्या रांगेत वाचनालयाचे अध्यक्ष भगवानराव आणि त्यांच्या पत्नी इंदूबाई. भगवानरावही कापसाचे व्यापारी. दर एकादशीला त्यांच्या घरून देवळात राजगिऱ्याचे लाडू जात. पण शपथेवर सांगतो, लिहिताना ते माझ्या मनातही नव्हते. मी रंगात येऊन वाचत होतो. सैतानाने छप्पर उचललं, आत सरकीच्या पोत्यांमागे शेठजी बसलेले, पुढ्यात भज्यांची परात...

भगवानराव ताडकन उभे राहिले.

"हे तुले कोनं सांगतलं?"

इंदूबाईंनी मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात पुढचे कितीतरी दिवस दिसत होते.

"भगवानराव, अहो, ही फ्रान्समधली गोष्ट आहे," मी म्हणालो.

"फ्रान्समधी एकादशी कधीपासून असते?"

मी घाईघाईने वही मिटली.

माझ्यावर त्यांचा राग राहिला असता तर मी तो सोसला असता. पण भगवानराव व्यापारी माणूस, माल कुठून आला ते आधी शोधणार. दिग्रसमध्ये घरांची छपरं उचलतो कोण? तर उकंडा! छपराच्या कौलांना आमच्याकडे कवेलू म्हणतात, आणि पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात. सगळे उतरवायचे, फुटके टाकून द्यायचे आणि चांगले पुन्हा नीट बसवायचे. निम्म्या गावाचे कवेलू उकंडा फेरत असे. आणि आठवडाभरापूर्वीच तो भगवानरावांच्या घरावर चढला होता. झालं! सैतान सापडला.

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी दुसऱ्या प्रकरणात सगळं निवळेल. त्यात राजाच्या पहाऱ्यावरचा एक मिशाळ अधिकारी होता. बाहेर तलवार घेऊन गुरगुरणारा, घरात बायकोने हाक मारली की चुलीपुढे पीठ मळायला बसणारा. मी त्याचा पोलीस जमादार केला. मला काय माहीत, की आमच्या जमादार बाबारावांच्या भाकरी अख्ख्या पोलीस लाइनीत सर्वांत पातळ उतरतात? वाचता वाचता मी वर पाहिलं तर बाबारावांचा चेहरा विस्तवासारखा लाल झालेला. त्यांच्या क्वार्टरचे कवेलू कोणी फेरले होते ते सांगायला नकोच.

त्यानंतर उकंडाला कोणी छपरावर चढू देईना. ठरलेली घरंही नाही म्हणाली. त्याचं पोट याच दिवसांवर. मृग लागला की कवेलूंना कोण हात लावतं? हेडमास्तर सदाशिवराव तर म्हणाले, आपल्या घराचं गुपित आपल्याच घरात राहावं, आणि धोतर खोचून स्वतः छपरावर गेले. खाली आले ते थेट स्वयंपाकघरात, कुरडयांसाठी भिजत घातलेल्या गव्हाच्या घंगाळात. त्यांना काही लागलं नाही, पण त्या वर्षी त्यांच्याकडच्या कुरडया कोणी खाल्ल्या नाहीत.

उकंडा शिडी भिंतीला टेकवून माझ्या दारात येऊन बसला. रागावला नव्हता, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

"बाबू, तुमच्या पोथीतला खवीस म्हने मीच हाओ. काहून असं केलं? पोरंसोरं हे निसनी पाहून पळून राह्यले."

मी त्याला शब्द दिला. येत्या शनिवारी भर सभेत सांगतो, की हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं, उकंडाचा यात काडीचा संबंध नाही. फ्रान्सवर आता कोणाचा विश्वास उरला नव्हता, तेव्हा सगळं श्रेय स्वतःच घ्यायचं मी ठरवलं. ते मला फारसं जडही गेलं नाही.

शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. विजयमालासुद्धा आली होती. मी उभा राहून छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, ही कादंबरी मी एकट्याने, माझ्या इंग्रजीच्या आणि कल्पनेच्या बळावर उभी केली आहे.

"असं?" भगवानराव म्हणाले. "उकंडा, तू सांग. तू लोकाईच्या घरातलं पाह्यतं का नाही?"

उकंडा हात जोडून पुढे आला.

"पाह्यतो ना मालक. वरून दिसते, तं डोये कुठं ठेवू? पन सांगत नाही कोनाले. आता या बाबूचेच कवेलू म्या फेरले. खाली बाई बाजीवर बसून ते इंग्रजी पुस्तक वाचून राह्यल्या होत्या, अन् मराठीत सांगून राह्यल्या होत्या. बाबू खाली बसून वांगे चिरत होते. मंधात एखादा शब्द लिहून घेत. बाई म्हने, 'एवढं तरी नीट लिवा.' सांगा मालक, हे म्या आजवर कोनाले सांगतलं काय?"

कोणालाच सांगितलं नव्हतं. सभेला ते पटलं. असलं गुपित ज्याच्या पोटात इतके दिवस राहिलं, तो माणूस भज्यांबद्दल कशाला बोलेल? सगळं दालन हसत होतं, बाबाराव तर मिशा पुसत होते. भगवानराव तिथल्या तिथे म्हणाले, "उकंडा, उद्या निसनी घेऊन ये. मांगची पडवी राह्यली हाये." मागोमाग हेडमास्तरांनी नंबर लावला. उकंडाचा हंगाम वाचला. मला मनापासून आनंद झाला, फक्त तो दाखवायला चेहरा मोकळा नव्हता.

इंदूबाईंनी विजयमालेला पुढे नेऊन खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "बाई, आता पुढचं तुम्हीच वाचा."

तेव्हापासून दर शनिवारी विजयमाला वाचते. गर्दी माझ्या वेळेपेक्षा जास्त असते, हे मी मान्य करतो. तिसऱ्या प्रकरणात सैतानाने एक छप्पर उचललं. आत एक गृहस्थ होता. गावभर मोठा लेखक म्हणून मिरवणारा, आणि घरात बायकोने टोपलीभर वांगी पुढ्यात ठेवली की मुकाट्याने विळीवर बसणारा. लोक इतके हसले, की बाहेरून चहावाला आत बघायला आला.

मी रागाने उठलो. हा गृहस्थ मूळ पुस्तकात नाही, असं मला भर सभेत ठणकावून सांगायचं होतं. पण त्यासाठी मला ते पुस्तक वाचता यायला हवं होतं. मी पुन्हा खाली बसलो.