शिळ्या पाण्याची करामत

अहल्याबाईंनी सकाळी पिंपात डोकावून नाक मुरडलं. पाणी कालचं, म्हणजे शिळं. पहिल्या नातीच्या बारशाचा स्वयंपाक काय शिळ्या पाण्यात करायचा? सोलापुरात नळ चार-चार दिवस तोंड दाखवत नाही, पण आला की आधी जुनं ओतायचं आणि मग ताजं भरायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता.

इथे लेकाकडे, बंगळुरात व्हाइटफील्डमध्ये पावसानं दगा दिलेला, सोसायटीची बोअर आटलेली. टँकरच्या जिवावर सकाळी तासभर पाणी मिळायचं. नळ फुसफुसला तशी बाईंनी पदर खोचला. पाणी वाया मात्र घालवलं नाही हो. साबणाची पूड टाकून गॅलरी खसाखसा घासली आणि बादल्यांवर बादल्या ओतून लख्ख केली. मग पिंप नळाखाली लावलं. नळानं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली.

"आई, पिंपातलं पाणी कुठंय?" सून स्मितानं विचारलं.

"ओतलं. शिळं होतं."

"अहो, टँकर आलाच नाहीये आज. पन्नास माणसं जेवायला येणारेत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातीच्या बारशाला आपल्याच हातानं विघ्न आणलं की!

लेकानं, तनयनं, सोसायटीचे सेक्रेटरी हयवदनरावांना फोन लावला. राखीव टाकीची किल्ली त्यांच्याकडे असायची. माणूस बसवनगुडीचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा बंगळुरी मराठी, पण आपला म्हणून सवलत देईल तर शपथ.

"रूल म्हणजे रूल, तनय. बारसं पुढच्या आठवड्यात ठेवा की. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

एवढ्यात खाली गलका झाला. धुळीनं माखलेल्या गाड्यांच्या रांगेत एकच गाडी नव्या नवरीसारखी चमकत होती, आणि ती नेमकी हयवदनरावांची. गाडी धुवायला बंदी घातली ती यांनीच. ओल्या फडक्यानं काच पुसली म्हणून कालच एका डॉक्टरला यांनी चारचौघांत झापलं होतं. आता तोच डॉक्टर सगळ्यांच्या पुढे उभा होता.

"रिझाइन कीजिए, सर."

"मैंने नहीं धोया," हयवदनराव घाम पुसत म्हणत होते. विश्वास कोण ठेवणार?

बाईंनी गॅलरीतून ते पाहिलं. गाडी बरोबर खालीच होती.

"आई, आत या. कुणी बघेल," स्मिता कुजबुजली.

बाई आत आल्या, चपला घातल्या आणि थेट खाली उतरल्या.

"राव, गाडी मी धुतली. वरनं पाणी पडलं," त्यांनी मराठीत सांगितलं. गर्दीत कुणाला ओ की ठो कळलं नाही.

हयवदनरावांच्या जिवात जीव आला. "अय्यो, देव पावला. अक्का, हे यांना सांगा की."

"सांगते की. टाकी कधी उघडताय?"

"अक्का, रूल आहे."

"मग मी जाते. पुरण वाटायचंय."

डॉक्टरांनी मोबाइल काढून गाडीचा फोटो घेतला.

"सरी, सरी. आत्ता उघडतो."

बाई गर्दीकडे वळल्या. "गाडी हम धोया. ये साब को कुछ मालूम नहीं. पानी शिळा हुआ था."

शिळं म्हणजे काय ते कुणालाच उमगलं नाही, पण पांढऱ्या केसांच्या बाईवर आवाज कोण चढवणार? डॉक्टर हिरमुसले आणि गर्दी पांगली.

दुपारी बारसं थाटात झालं. स्मितानं सासूबाईंच्या पानात पहिली पुरणपोळी वाढली. राखीव टाकीच्या कृपेनं घरातलं पिंप, घागरी, कुकरसुद्धा काठोकाठ भरला होता. जेवायला बसलेल्या हयवदनरावांची नजर मात्र सारखी त्या पिंपाकडे जात होती.

"अक्का," शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "हे पाणी उद्या शिळं होणार काय?"

"ते तुम्ही उद्या टाकी किती वाजता उघडता त्यावर आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या पोळीवर तुपाची धार धरली.