काथवटीतली वस्ती

काळझरी नदीवरची सोन्याची वस्ती उठली की तंबू, खांब, दोर आणि वस्तीत जन्मलेली माणसं गुंडाळून बैलगाडीत घालायचा रिवाज होता. बाहेरून आलेले आपापल्या पायांनी जायचे.

यात कुणावर राग नव्हता. जमीनच तशी होती. सोनं लागलं की ती गाव व्हायची, सोनं संपलं की पुन्हा रेती. तिच्यावर जन्मलेल्याला दुसरी जमीन पाय टेकू द्यायची नाही. मागे एका हलवायानं हट्टानं आपला पोरगा आजोळी न्यायला काढला. दोन शेतं ओलांडली नाहीत तोच पोराच्या टाचा उचलल्या, आणि बांधाशी तो चुलीवरच्या धुरासारखा विरळ झाला. बापानं खांद्यावर टाकून परत आणला, तर खांद्याला वजनच लागेना. त्यापेक्षा गुंडाळलेलं बरं, असं मग सगळेच म्हणू लागले.

गुंडाळायचं पायांकडून. घडीत कडुनिंबाचा पाला घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. वर सुतळी. सोमाजी मुकादमाच्या मांडवात आधीच्या वस्त्यांमधल्यांची चळत लावलेली होती. चैत्रात बायका त्यांना ऊन दाखवायच्या. एखादी गुंडाळी म्हणायची, “माय, जराशी पाठ खाजव.” बायका खाजवायच्या आणि चळतीत ठेवून द्यायच्या.

जिरा नवऱ्याबरोबर बाहेरून आली होती. तिची सुकवारी मात्र वस्तीतच, झोपडीत, खाटेखालच्या मातीवर जन्मली. सोनं कमी पडू लागलं तसा नवरा बुधराम दुसरा ओढा बघून येतो म्हणून गेला, तो बघतच राहिला.

वस्ती उठवायची ती चारचौघांत. तिघी बायका नदीत उभ्या राहून लाकडी काथवटीत रेती घोळायच्या. तिन्ही काथवटींत काळी रेतीच उरली, तर मुकादम वस्तीचा खांब उपटायचा. त्या साली तिसरी काथवट जिराची होती. तिनं घोळली, परत घोळली. काळी रेती. सोमाजीनं खांब उपटला.

“पोट्टीले उद्या सकाळी आण,” तो जिराला म्हणाला. “न्याहारी देऊ नको. घडी नीट बसत नाही.”

“मामाजी, पुढच्या वस्तीत उघडसान ना तिले?”

“जागा असली तर उघडू.”

“आजपावेतो कोणाले उघडलं?”

सोमाजीनं मान खाजवली. “जागाच नाही झाली बाप्पा.”

सुकवारी बाजूलाच उभी होती. “माय, गुंडाळलं का गुदगुल्या होतात काय वं?” तिनं विचारलं. जिरा झोपडीत गेली, खाट बाजूला केली आणि खाली खणू लागली. दुसरी जमीन घेत नसेल तर इथलीच बरोबर न्यावी, एवढा साधा तिचा विचार. काथवट काठोकाठ भरली. सुकवारीला मातीत उभी केली, आपल्या डोक्यावर चुंबळ ठेवली, काथवट चढवायला शेजारणींनी हात लावला आणि जिरा निघाली.

पहिलं शेत गेलं, दुसरं गेलं. मान मोडून येत होती. ते वजन जिराला गोड लागत होतं.

“पाय हाये ना वं?”

“हाये ना माय. मुंग्या आल्या.”

मागून सोमाजीची गाडी येत होती. त्यानं तिला अडवलं नाही. फक्त सुतळीचा गुंडा हातात धरून बसला होता.

पुढं ओढा लागला. जिराला तहान लागली होती. तिनं काथवट काठावर, पाण्याला टेकून ठेवली आणि ओंजळ भरून पाणी प्यायली. कडेवरून जरासं पाणी आत आलं. मातीनं भरलेली काथवट, आत पाणी, आणि हात जिराचे. त्या हातांना जन्मभर एकच काम ठाऊक. त्यांनी काथवट धरली, गोल फिरवली, तिरपी केली, पुन्हा फिरवली. माती ओढ्याला लागली.

“माय, थंड लागते,” सुकवारी म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “आता नाही लागत.”

जिरानं वर पाहिलं. पोरीच्या गुडघ्यांखाली काही नव्हतं. तिथून पलीकडचं गवत दिसत होतं. वर मात्र पोरगी ताठ उभी होती आणि नाक पुसत होती.

काथवटीच्या तळाशी मूठभर माती, आणि मातीत मोहरीएवढा पिवळा कण. आपल्याच खाटेखालची माती कधी कुणी धुऊन पाहिली नव्हती.

सोमाजी गाडीतून उतरला, वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं सुतळी गाडीत टाकली, खांब आणला आणि ओढ्याकाठी रोवला.

“सोनं लागते तेथं वस्ती,” तो म्हणाला. “पोट्टी वस्तीतच उभी आहे. गुंडाळता येत नाही.”

“अन् तिचे पाय?”

“ते गेले. बाकीची राहील. पण तो कण उचलला, का वस्ती उठली.”

खांब पाहून माणसं परत आली. आधी हलवाई, मग न्हावी, मग चहावाला. तंबू उभे राहिले. ओढ्यात दुसरं सोनं निघालंच नाही, तरी कुणी गेलं नाही. सकाळी येऊन जो तो काथवटीत डोकवायचा आणि बोटं चोळत उभा राहायचा. बुधरामही आला.

“एवढुसा तर आहे,” तो म्हणाला. “अन् आपलाच आहे.”

“पोरगीबी आपलीच आहे,” जिरा म्हणाली. “तिच्याकडं पाहून बोल.”

बुधराम कणाकडंच बघत राहिला. जिरा त्यावर तळवा ठेवून बसली ती बसलीच. सुकवारीला तिथूनच घास भरवायची, स्वतः कधी जेवायची, कधी राहायची.

पुढं न्हाव्याच्या बायकोला त्या वस्तीत मुलगा झाला. सव्वा महिन्यानं ती पोराला खांद्याशी धरून जिरापाशी आली, शेजारी बसली आणि आपला हात जिराच्या हाताखाली सरकवला.

“जा बाई, दोन घास खाऊन ये,” ती म्हणाली.

जिरानं हात काढला. न्हाव्याच्या बायकोचा तिथंच राहिला.